विश्लेषण : चिंतामणराव देशमुखांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा का दिला होता?

मंत्र्याने राजीनामा दिला की पत्रात बहुधा प्रकृतीचे नाहीतर वैयक्तिक कारण लिहिलेले असते. खरे कारण दोन-चार दिवस कुजबुजीत फिरते आणि विरून जाते. जुलै १९५६ मध्ये मात्र देशाच्या अर्थमंत्र्याने लोकसभेत उभे राहून खरे कारण सांगितले. मुंबईसारख्या शहराचे भवितव्य पंतप्रधानांनी मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर केले, असा त्यांचा आरोप होता. समोर बसलेले पंतप्रधान होते जवाहरलाल नेहरू. आरोप करणारे चिंतामणराव देशमुख पक्षाच्या राजकारणातून वर आलेले नव्हते, त्यांना सरकारात आणले होते ते नेहरूंनीच.

महाराष्ट्राला हा राजीनामा मुंबईसाठी केलेला त्याग म्हणून आठवतो, आणि तो तसा होताच. पण चिंतामणरावांच्या तक्रारीचा दुसरा भाग, म्हणजे सरकारात निर्णय नेमका कोण घेतो हा प्रश्न, त्या गौरवात काहीसा झाकला गेला. गंमत अशी की चिंतामणराव ज्या खुर्चीवर बसले होते, ती याच प्रश्नामुळे रिकामी झाली होती.

रिझर्व्ह बँकेपर्यंतचा प्रवास

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावचा. वडील रोह्याला वकिली करत. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. एल्फिन्स्टन कॉलेजमधून ते केंब्रिजला गेले. तिथे त्यांनी निसर्गविज्ञाने घेतली आणि वनस्पतिशास्त्रात पारितोषिक पटकावले. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएसच्या परीक्षेतही पहिला क्रमांक त्यांचाच.

पुढची वीस वर्षे मध्य प्रांत व वऱ्हाडात गेली. जमीन महसुलाची फेरआकारणी, जिल्ह्याचा कारभार, मग प्रांताचे वित्त सचिवपद. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही ते होते. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि दोन वर्षांत डेप्युटी गव्हर्नर झाले. गव्हर्नर सर जेम्स टेलर फेब्रुवारी १९४३ मध्ये वारले. त्यांच्या जागी भारतीय माणूस बसवायचा की नाही, याचा निर्णय व्हायला ऑगस्ट उजाडला. ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याच वर्षी त्यांनी केलेला मेघदूताचा मराठी पद्यानुवादही प्रसिद्ध झाला. महायुद्धातली महागाई सांभाळता सांभाळता कालिदास मराठीत आणणारा हा बहुधा एकमेव गव्हर्नर असावा.

१९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. फाळणीनंतर चलन आणि मध्यवर्ती बँकेची दोन देशांत वाटणी त्यांच्याच कारकिर्दीत झाली, आणि १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरणही. जून १९४९ अखेर ते पायउतार झाले. काही महिन्यांतच नेहरूंनी त्यांना अमेरिका व युरोपसाठी आर्थिक बाबींचे खास दूत नेमले.

मथाईंची रिकामी खुर्ची

मार्च १९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला. अध्यक्ष स्वतः पंतप्रधान, आणि सदस्यांत चिंतामणराव. तेव्हाचे अर्थमंत्री डॉ. जॉन मथाई यांना ही रचना मान्य नव्हती. राज्यघटनेत ज्याचा उल्लेख नाही, जो संसदेला जबाबदार नाही, असा आयोग खर्चाचे प्राधान्य ठरवू लागला तर मंत्रिमंडळाला समांतर असे दुसरे सत्ताकेंद्र तयार होईल आणि अर्थखात्याला अर्थ उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नेहरू ऐकेनात. मथाई बाहेर पडले.

नेहरू-लियाकत कराराच्या विरोधात त्याआधी एप्रिलमध्येच श्यामाप्रसाद मुखर्जी आणि के. सी. नियोगी गेले होते. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदू कोड बिल रेंगाळल्याच्या मुद्द्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजीनामा दिला. त्यांचे निवेदन सभागृहात होऊच शकले नाही. वाचण्याआधी प्रत द्या असा आग्रह पीठासनावरून धरला गेला, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांकडे दिले. नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळाबद्दल आज जी एकदिलाची कल्पना असते, तिच्याशी हा इतिहास फारसा जुळत नाही.

१९५० च्या मध्यास मथाईंच्या जागी चिंतामणराव अर्थमंत्री झाले. म्हणजे मंत्रिमंडळाला वळसा घातला जातो या तक्रारीने एक अर्थमंत्री गेला आणि ज्या आयोगाबद्दल तक्रार होती, त्याच आयोगाचा सदस्य अर्थमंत्री झाला. चिंतामणरावांना त्यात काही वावगे वाटले नाही. आयोग आणि अर्थखाते यांत दोन्हीकडे एकच माणूस असला की कामात मेळ राहतो, हा विचार तेव्हा पटण्यासारखाही होता. सहा वर्षांनी ते स्वतः जवळपास मथाईंचीच तक्रार घेऊन उभे राहणार होते.

नेहरूंशी त्यांचे कसे जमत होते?

चांगले जमत होते, असेच म्हणावे लागेल. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चिंतामणराव काँग्रेसच्या तिकिटावर आपल्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले. पक्षात त्यांचा गट नव्हता, जिल्हा समित्या त्यांच्या मुठीत नव्हत्या. कामावरची पकड आणि पंतप्रधानांचा विश्वास, एवढीच त्यांची ताकद. नियुक्तीने आलेल्या मंत्र्याची ही नेहमीची स्थिती असते. विश्वास असेपर्यंत तो कोणत्याही पक्षनेत्यापेक्षा मोकळेपणाने काम करू शकतो, आणि विश्वास गेला की त्याच्या पाठीशी कोणी नसते.

नात्यात व्यक्तिगत ओलावाही होता. चिंतामणरावांच्या पहिल्या पत्नी रोझिना यांचे १९४९ मध्ये निधन झाले होते. २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांनी नियोजन आयोगातील सहकारी दुर्गाबाई यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला, तेव्हा साक्षीदारांत नेहरू होते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या दुर्गाबाई अध्यक्ष झाल्या.

अर्थमंत्री म्हणून १९५१ ते १९५६ या काळातले अर्थसंकल्प चिंतामणरावांनी मांडले. इम्पीरियल बँक सरकारी मालकीत येऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया सुरू झाली. तिचे पहिले अध्यक्ष कोण, तर रागावून गेलेले जॉन मथाई. भांडून गेलेल्या जाणकार माणसाला काही वर्षांनी दुसऱ्या कामासाठी बोलावण्याची तेव्हाची ही पद्धत पुढे चिंतामणरावांच्याही वाट्याला आली.

जानेवारी १९५६ चा तो आठवडा

भाषावार प्रांतरचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर भाषांना राज्ये मिळाली, पण मराठी आणि गुजराती भाषकांसाठी एकच द्वैभाषिक मुंबई राज्य आणि विदर्भ वेगळा, अशी शिफारस होती. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. नोव्हेंबरात काँग्रेस कार्यकारिणीने नवा तोडगा पुढे केला : महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशी तीन राज्ये. मुंबईशिवाय महाराष्ट्र म्हणजे पाटावर बसवून ताट काढून घेण्यासारखेच. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाऊंटनवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. मोरारजी देसाई तेव्हा मुख्यमंत्री होते.

या सगळ्या वाटाघाटी चालवत होती काँग्रेस पक्षाची चार जणांची समिती : नेहरू, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत आणि पक्षाध्यक्ष ढेबर. पुढच्या वादाचे मूळ या तपशिलात आहे. प्रांतरचना हा सरकारचा निर्णय, पण त्याची खलबते पक्षाच्या समितीत होत होती. मंत्रिमंडळातले बाकीचे सदस्य, त्यात अर्थमंत्रीही आले, बाहेरच होते.

१६ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केले की मुंबई केंद्रशासित राहील. गिरगाव, परळ, लालबाग पेटले. पुढचे काही दिवस शहरात गोळीबार होत राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे बळी गेली, त्यातली बहुतेक याच दिवसांत. त्यांत गिरणी कामगार होते, रस्त्यावर उभी असलेली पोरे होती.

आणि याच आठवड्यात, १९ जानेवारीला, आकाशवाणीवर आणखी एक भाषण झाले. ते होते अर्थमंत्र्यांचे. आयुर्विमा व्यवसाय सरकार ताब्यात घेत आहे, अशी घोषणा चिंतामणरावांनी केली आणि वटहुकूम निघाला. देशी, परदेशी आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या धरून २४५ संस्थांचा कारभार सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे गेला. बातमी आधी फुटली असती तर पैसा आणि कागदपत्रे गायब व्हायला वेळ लागला नसता, म्हणून तयारी मोजक्या माणसांत, पूर्ण गुप्ततेने झाली होती. विमा कंपन्यांचे एक मोठे केंद्र अर्थातच मुंबई. म्हणजे एका बाजूला शहर जळते आहे, आणि त्याच शहरातला एक अख्खा व्यवसाय रातोरात हाती घेण्याची जोखीम अर्थमंत्री पार पाडतो आहे.

मुंबईबाबतच्या घोषणेनंतर, जानेवारीतच, चिंतामणरावांनी नेहरूंकडे राजीनामा देऊ केला. तो तेव्हा स्वीकारला गेला नाही.

मग सहा महिने का थांबले?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त आहे. माणसे मेली जानेवारीत आणि राजीनामा जुलैत?

या सहा महिन्यांत काय झाले ते पाहिले तर उत्तराचा काही भाग मिळतो. २९ फेब्रुवारीला अर्थसंकल्प होता. दुसरी पंचवार्षिक योजना अंतिम टप्प्यात होती : सरकारी क्षेत्राचा खर्च ४८०० कोटी रुपये, त्यातले १२०० कोटी तुटीच्या अर्थभरणातून, म्हणजे सोप्या भाषेत नोटा छापून, उभे करायचे होते. ही योजना मे महिन्यात संसदेपुढे आली. विम्याचा वटहुकूम कायद्यात बदलायचा होता, तोही जूनमध्ये बदलला गेला. अर्थमंत्री मध्येच उठून गेला असता तर यातले काहीही अडखळले असते. हातातले काम पुरे करूनच उठायचे, हा आयसीएसमधला जुना संस्कार असावा.

दुसरा भाग राजकीय होता. मुंबईचा निर्णय कायद्यात उतरला नव्हता, राज्य पुनर्रचनेचे विधेयक अजून संसदेत फिरत होते. निर्णय बदलण्याची शक्यता असेपर्यंत आत राहून प्रयत्न करणे आणि ती संपल्यावर बाहेर पडणे, असा हिशेब त्यामागे दिसतो. स्वीकारला न गेलेला राजीनामा हे एक प्रकारचे हत्यारही असते. ते म्यानात असेपर्यंतच त्याचा धाक असतो.

पण या थांबण्याची किंमत होती, हेही सांगायला हवे. या सहा महिन्यांत चिंतामणराव त्याच सरकारचे मंत्री होते, ज्याच्या धोरणाविरुद्ध मुंबईत सत्याग्रही तुरुंगात जात होते. ६ फेब्रुवारीला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, एस. एम. जोशी, डांगे, अत्रे एका व्यासपीठावर आले. दिल्लीतले मराठी मंत्री अजून खुर्चीला का चिकटले आहेत, हा सवाल सभांतून येणे स्वाभाविक होते. मंत्र्याला त्यावर उघड उत्तर देता येत नाही. मंत्रिमंडळातला मतभेद चव्हाट्यावर मांडायचा नाही, हा नियम बाहेर पडेपर्यंत पाळावाच लागतो, आणि त्यांनी तो पाळला.

जूनच्या सुरुवातीला मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली. तिथे नेहरूंनी जाहीर केले की मुंबई पाच वर्षे केंद्राच्या कारभाराखाली राहील, मग पुढचे पाहू. पुन्हा तीच गोष्ट. घोषणा पक्षाच्या व्यासपीठावरून, आणि मंत्रिमंडळात ती आधी ठरलेली नाही. चिंतामणरावांपुरता प्रश्न मिटला. जुलैच्या अधिवेशनात त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला.

लोकसभेत त्यांनी काय मांडले?

पायउतार झालेल्या मंत्र्याला अध्यक्षांच्या संमतीने सभागृहात निवेदन करता येते. त्यावर चर्चा होत नाही, सरकारतर्फे मात्र उत्तर देता येते. आंबेडकरांना जे करता आले नव्हते, ते चिंतामणरावांना करता आले.

त्यांच्या निवेदनात तीन धागे होते. पहिला मुंबईचा. शहराला त्याच्या भूभागापासून तोडणे अन्यायाचे आहे, आणि महाराष्ट्रातून निवडून आलेला प्रतिनिधी म्हणून आपण त्यात सामील होऊ शकत नाही. या प्रकरणात महाराष्ट्राविषयी आकस दिसतो, असेही ते म्हणाले. मोजूनमापून बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी हा शब्द आला, म्हणून तो अधिक लागला.

दुसरा धागा गोळीबाराचा. इतकी माणसे मारली गेली आणि न्यायालयीन चौकशीसुद्धा नाही, यावर त्यांचा कटाक्ष होता. राज्य सरकारने चौकशीस नकार दिला होता आणि केंद्राने तो चालवून घेतला होता.

तिसरा धागा मंत्रिमंडळाचा. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळात चर्चेला आला नाही, पंतप्रधानांनी सहकाऱ्यांना गृहीत धरले, आणि ही रीत घटनेला धरून नाही, असे त्यांनी सांगितले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. एकाचा निर्णय तो सगळ्यांचा, आणि न पटणाऱ्याने बाहेर पडायचे. पण या नियमाची दुसरी बाजू अशी की निर्णय सगळ्यांचा असायला तो सगळ्यांपुढे आलेला असावा लागतो. जो निर्णय आपण घेतलाच नाही त्याची जबाबदारी आपल्या शिरावर कशी, हा चिंतामणरावांचा प्रश्न होता.

इथे एक शंका घ्यायला हवी. निर्णय महाराष्ट्राच्या बाजूने लागला असता आणि तोही असाच परस्पर जाहीर झाला असता, तर चिंतामणरावांनी राजीनामा दिला असता का? बहुधा नसता. सहा वर्षांत नेहरूंनी परस्पर केलेली ही काही पहिली घोषणा नसणार. पण त्यामुळे मुद्दा खोटा ठरत नाही. कार्यपद्धतीतला दोष बहुतेकांना तेव्हाच दिसतो, जेव्हा त्याचा फटका आपल्या माणसांना बसतो. मथाईंना तो खर्चाच्या बाबतीत दिसला, चिंतामणरावांना मुंबईच्या.

नेहरूंचे उत्तर काय होते?

नेहरूंनी आरोप फेटाळला. सहकाऱ्यांशी विचारविनिमय झाला होता, असे त्यांचे म्हणणे. त्यापुढे जाऊन त्यांनी पंतप्रधानपदाची आपली कल्पनाच मांडली : पंतप्रधान हा सरकारचा कणा असतो आणि सरकारचे धोरण जाहीर करण्याचा त्याला अधिकार आहे.

हे उत्तर निव्वळ अहंकाराचे म्हणून सोडून देता येत नाही. संसदीय पद्धतीत पंतप्रधान मंत्री निवडतो, हवा तेव्हा काढतो, आणि निवडणुकीत लोक त्याच्याकडे बघून मत देतात. राष्ट्रपतींच्या मर्जीपर्यंत मंत्री पदावर राहतो असे घटना म्हणते, तेव्हा व्यवहारात ती मर्जी पंतप्रधानांची असते. मुंबईचा प्रश्न तेव्हा इतका तापलेला होता की वीस जणांच्या बैठकीत तो सुटला असता असे म्हणणेही धाडसाचे. पण पंतप्रधान समानांमधला पहिला, की बाकीच्यांचा मालक, याचे उत्तर त्या दिवशी नेहरूंनी दुसऱ्या बाजूला बरेच झुकवले.

राजीनाम्याने काय साधले?

राजीनाम्यानंतर काही आठवड्यांतच चित्र पालटले. ऑगस्ट १९५६ मध्ये वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांनी पुढे केलेला तोडगा संसदेने स्वीकारला : विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ सगळे एकत्र करून मोठे द्वैभाषिक मुंबई राज्य. मुंबई केंद्रशासित करण्याची योजना बारगळली. १ नोव्हेंबरला नवे राज्य आले, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. हे केवळ चिंतामणरावांमुळे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. रस्त्यावरचा लढा मोठा होता. पण मुंबईबाबतचा निर्णय सरकारातच एकमताचा नाही, हे संसदेत सिद्ध झाले होते.

महाराष्ट्राचे समाधान मात्र द्वैभाषिकानेही झाले नाही. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसचे पानिपत केले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. चिंतामणराव या निवडणुकीच्या लाटेवर स्वार झाले नाहीत. तेव्हा ते उभे राहिले असते तर लोकांनी डोक्यावर घेतले असते, यात शंका नाही.

राजीनाम्यानंतरचे चिंतामणराव

सरकारात त्यांच्या जाण्याची उणीव लवकरच भासली. अर्थखाते काही आठवडे नेहरूंनी स्वतःकडे ठेवले, मग ते टी. टी. कृष्णमाचारींकडे गेले. रिझर्व्ह बँकेत चिंतामणरावांच्या मागून आलेले गव्हर्नर बी. रामराव आणि अर्थखात्यात त्यांच्या मागून आलेले कृष्णमाचारी यांचे काही महिन्यांतच बिनसले. हुंड्यांवरचे मुद्रांक शुल्क बँकेला न विचारता वाढवल्याचा तो वाद होता. नेहरूंनी मंत्र्याची बाजू घेतली आणि जानेवारी १९५७ मध्ये रामराव पायउतार झाले. चिंतामणरावांनी भूषवलेल्या दोन खुर्च्यांचे हे भांडण. पुढे चिंतामणरावांनी उभ्या केलेल्या आयुर्विमा महामंडळाचे सुमारे सव्वा कोटी रुपये हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवले गेल्याचे प्रकरण फिरोज गांधींनी लोकसभेत काढले. न्या. छागला यांच्या चौकशीनंतर फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णमाचारींनाही जावे लागले.

चिंतामणराव १९५६ मध्येच विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. ज्या सरकारवर त्यांनी भर सभागृहात ठपका ठेवला, त्याच सरकारने ही नेमणूक केली. दुर्गाबाईही समाजकल्याण मंडळावर राहिल्या. दोन्हीकडून मनाचा मोठेपणा होता, असे म्हणता येईल. तीव्र मतभेदानंतरही लायक माणसाला कामाबाहेर ठेवणे परवडणार नाही इतका तेव्हा देश गरजू होता, हेही तितकेच खरे. १९५९ मध्ये त्यांना सरकारी सेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा, तिथल्या सभागृहाला आज त्यांचे नाव आहे. ठाण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना हे नाव महापालिकेच्या प्रशिक्षण संस्थेमुळे ठाऊक असते.

सरकारी नेमणूक पत्करली म्हणून त्यांनी तोंड बंद ठेवले नाही. १९५९ मध्ये मंत्र्यांच्या भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी कायमस्वरूपी, स्वतंत्र न्यायाधिकरण नेमा, अशी जाहीर मागणी त्यांनी केली. ते नेमले तर आपण स्वतः प्रकरणे दाखल करू, असेही सांगितले. नेहरूंनी ती मागणी मान्य केली नाही. लोकपालाचा कायदा व्हायला २०१३ साल उजाडावे लागले.

सत्तेच्या राजकारणात ते पुन्हा एकदाच दिसले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर १९६९ मध्ये झालेल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने त्यांना उमेदवारी दिली. लढत होती ती इंदिरा गांधींचा पाठिंबा असलेले व्ही. व्ही. गिरी आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांच्यात. पहिल्या पसंतीच्या मोजणीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. १,१२,७६९ मतमूल्य घेऊन चिंतामणराव तिसरे होते. दुसऱ्या पसंतीची मते धरली तेव्हा गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते जिंकले. पंतप्रधान आणि पक्षसंघटना यांच्या झटापटीत चिंतामणराव या वेळी बाजूला उभे होते, पण त्यांच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीवर दोन्ही छावण्यांचे डोळे लागले होते.

१९७४ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आले, १९७५ मध्ये पद्मविभूषण. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत चिंतामणरावांचे निधन झाले. मुंबईतल्या गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची त्यांची मागणी तेव्हाच्या सरकारने मान्य केली नाही. जिथे नोव्हेंबर १९५५ मध्ये पहिल्या गोळ्या झाडल्या गेल्या, त्या फ्लोरा फाऊंटनच्या चौकाला आज हुतात्मा चौक म्हणतात.